कागदी घराच्या सात पायऱ्या (सॅन फ्रान्सिस्को, चायनाटाउन) – मत हवंय

रेघोट्या (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज एका गोष्टीने डोकं खाल्लंय म्हणून लिहायला बसले. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी दर शनिवारी चायनाटाउनमधल्या एका सामुदायिक केंद्रात हातभार लावायला जाते. तिथल्या एका गल्लीतल्या भिंतीसाठी टाइल्सचं म्युरल करायचं चाललंय. चित्रकार आहेत, पण चित्रं वस्तीतल्या लोकांनी स्वतः काढायची. आम्ही तिघीचौघी ग्लेझ कालवायचं, ब्रश धुवायचे, कोणाची टाइल कुठली ते पाठीमागे नंबर घालून लिहायचं. विषय दिलाय ‘माझ्या घरच्यांचं गाव’. बहुतेकांनी भातशेती, म्हैस, नदीवरचा पूल असं काढलं. एका आजींनी नुसता स्टोव्ह काढला. त्या नवऱ्याबरोबर इथेच आठ बाय दहाच्या खोलीत चाळीस वर्षं राहिल्या, संडास आणि स्वयंपाकघर मजल्यावर सगळ्यांचं मिळून. (गिरगावकरांना वेगळं सांगायला नको.)

मग एक आजोबा आले. पंचाहत्तरी ओलांडलेली, जन्म इथलाच, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. त्यांनी पट्टी मागितली. चित्र नाही, नकाशा काढायला घेतला. गावात घरांच्या पाच ओळी. दुसऱ्या ओळीतलं तिसरं घर. दाराशी सात पायऱ्या, दगडी. आत शिरल्यावर चूल, चुलीच्या डाव्या हाताला तांदळाचा रांजण. शेजारच्या घरात कोण, त्यांना मुलं किती. उजवीकडे विहीर. एकदाही खोडरबर लागलं नाही.

मी कौतुकाने विचारलं, “शेवटचे कधी गेला होतात?”

“कधीच नाही. माझे वडीलही त्या घरात एक दिवस राहिले नाहीत.”

आता पार्श्वभूमी. १८८२ मध्ये अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना येण्यास बंदी घातली. व्यापारी, विद्यार्थी अशा थोड्यांना सूट होती, आणि अमेरिकन नागरिकाच्या मुलांना येता यायचं. मग १८ एप्रिल १९०६ चा भूकंप झाला, पाठोपाठ आग लागली आणि शहराचं जन्मनोंदणीचं दप्तर जळालं. आता कोण इथे जन्मला आणि कोण नाही, हे खोडून काढायला कागदच राहिला नाही. अनेकांनी इथला जन्म सांगितला. मग ते गावी जाऊन यायचे आणि परतताना ‘मला मुलगा झाला’ अशी नोंद करायचे. मुलगा झालेला असो वा नसो. ती नोंद म्हणजे एक रिकामी जागा. ती विकली जायची. विकत घेणारा पोरगा त्या माणसाचा ‘कागदी मुलगा’ होऊन, त्याचं आडनाव लावून बोटीत बसायचा.

सरकारलाही हे कळत होतं. म्हणून १९१० ते १९४० या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंड बेटावर उतरवून उलटतपासणी व्हायची. घराला पायऱ्या किती? रांजण कुठे? शेजारणीचे पाय (चिनी रिवाजाने लहानपणी) बांधलेले होते का? मग तेच प्रश्न ‘बापाला’ वेगळं बसवून. उत्तर जुळलं नाही की परत. काही जण तिथे आठवडे, काही महिने, क्वचित कोणी वर्षाहून जास्त अडकून पडले. त्यांनी लाकडी भिंतींवर कविता कोरल्या, दोनशेहून जास्त आज वाचता येतात. १९७० मध्ये एका रेंजरच्या त्या नजरेला पडल्या म्हणून वाचल्या, नाहीतर ती इमारत पाडायचीच होती.

तर आजोबांच्या वडिलांनी १९३६ मध्ये तेराव्या वर्षी बोटीत पाठ केलेलं हे घर. परक्याचं. पाठांतराची वही किनारा दिसायच्या आत समुद्रात टाकायची असायची. आणि पुढे वीस-बावीस वर्षांनी, सरकारने ‘खरं नाव कबूल करा’ अशी मोहीम काढली तेव्हा, या मुलालाही ते रोज रात्री म्हणायला लावायचे. कोणी शाळेत येऊन विचारलं तर? आपण शुभंकरोती म्हणायचो तसं हे सात पायऱ्या म्हणायचे.

गाडं इथे अडलंय. केंद्रातल्या बाई म्हणतात, विषय ‘घरच्यांचं गाव’ आहे, हे घरच्यांचं नाही, त्यांच्या खऱ्या गावाचं चित्र काढूया. आजोबांना खरं गाव माहीतच नाही फारसं, वडील बोललेच नाहीत त्याबद्दल. त्यांच्या मुलीचं म्हणणं, हे काहीच लावू नका, कशाला विषाची परीक्षा. आणि पैसे देणाऱ्यांकडून एक माणूस येऊन सांगून गेला की जरा रंगीत हवं, ड्रॅगन वगैरे.

तुम्ही काय केलं असतंत?

---

खारीबिस्किट

बाप रे. रात्री उशिरा वाचायला नको होतं. “पट्टी मागितली” इथेच पोटात कालवलं. घर लावा. दुसरं काही नको.

---

अनुस्वार

धागा उत्तम. ‘खरं-खोटं’ यावर एक भर घालतो.

चायनाटाउनमध्ये ग्रँट अ‍ॅव्हेन्यूवर जी पॅगोडासारखी वळणदार छपरं दिसतात, ज्यांच्यासमोर आपण सगळ्यांनी सासूसासऱ्यांचे फोटो काढलेत, ती १९०६ नंतरची आहेत. त्याआधी तिथे साध्या विटांच्या, इतर शहरात होत्या तशाच इमारती होत्या. भूकंपानंतर पालिकेच्या धुरिणांच्या मनात चिन्यांना हंटर्स पॉइंटला, शहराच्या पार टोकाला हलवायचं होतं. मोक्याची जमीन ना! तेव्हा लुक टिन एली या व्यापाऱ्याने आणि इतरांनी घाईने बांधकाम काढलं, आणि गोऱ्या वास्तुविशारदांकडून ‘चिनी वाटेल’ अशा इमारती करून घेतल्या. चीनमध्ये कोणी दुकानावर असा मनोरा चढवत नाही. गिऱ्हाईक आलं, पालिकेला महसूल दिसला, वस्ती जागेवर राहिली.

म्हणजे ती छपरं म्हणजेसुद्धा पाठ केलेली उत्तरंच. साहेबाला जे ऐकायचंय ते सांगायचं आणि आत शिरायचं. आपण त्याला ‘टुरिस्टी’ म्हणून नाक मुरडतो (मीही मुरडायचो). पण ते वस्तीच्या इतिहासाचं सगळ्यात प्रामाणिक स्मारक आहे असं मला हल्ली वाटतं. तुमच्या आजोबांचं घर त्याच भिंतीवर शोभेल.

ता. क. बुश स्ट्रीटवरची ड्रॅगनची कमान तर १९७० ची आहे. ड्रॅगनची हौस तिथे भागलीय, त्या देणगीदारांना तिकडे पाठवा.

---

वाकडंबोट

रंगाचा बेरंग करतो, माफ करा. हे सगळं गोड गोड वाचलं, पण मुळात ही फसवणूकच ना? माझा मावसभाऊ तेरा वर्षं ग्रीनकार्डाच्या रांगेत आहे. एक कागद इकडचा तिकडे झाला नाही त्याच्याकडून. दर तीन वर्षांनी पोटात गोळा. आणि आपण खोट्या कागदांच्या टाइल्स भाजायच्या, वर टाळ्या. उद्या कोणी खोट्या जातीच्या दाखल्याचं म्युरल काढलं तर चालेल का?

---

गुलबकावली

@वाकडंबोट, खोटा दाखला दुसऱ्याच्या हक्काची जागा खातो. इथे कोणाची जागा खाल्ली?

---

रेघोट्या

वाकडंबोट, राग नाही आला. माझीही रांग आहेच. पण तुमच्या भावाची रांग कितीही लांब असली तरी ती रांग आहे. यांना रांगच नव्हती. १८८२ चा कायदा वंश पाहून केलेला होता. तो १९४३ मध्ये उठला, चीन युद्धात दोस्त होता म्हणून. उठल्यावर कोटा किती? वर्षाला १०५ माणसं. आमच्या सोसायटीच्या गणपतीला यापेक्षा जास्त पानं उठतात.

आणि आपण वेगळे होतो अशा भ्रमात राहू नका. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानींनाही दार बंद केलं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांना, जे पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते, सुप्रीम कोर्टाने नागरिकत्व नाकारलं. दार किलकिलं झालं १९४६ मध्ये, वर्षाला १०० जण.

अजून एक. सॅक्रमेंटो स्ट्रीटवर ७५१ नंबरच्या घरात वाँग किम आर्क नावाचा मुलगा जन्मला. पुढे स्वयंपाकी झाला. चीनला जाऊन परत येताना १८९५ मध्ये त्याला उतरूच देईनात, तू चिनी म्हणून. तो भांडला आणि १८९८ मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकला: इथे जन्मला तो इथला नागरिक. २०२५ च्या जानेवारीत जन्मसिद्ध नागरिकत्वाविरुद्ध हुकूम निघाला तेव्हा आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर जी पळापळ झाली, आठवते? आपल्या पोरांचे निळे पासपोर्ट त्या स्वयंपाक्याच्या खटल्यावर उभे आहेत.

---

वाकडंबोट

कोट्याचं माहीत नव्हतं. तेवढं मान्य. तरी ‘खोटं ते खरं’ ही भाषा मला पटत नाही, नोंद असू द्या.

---

गावठी_गुलाब

खोट्या कागदांवरून आठवलं. माझ्या वडिलांचा वाढदिवस १ जून. काकांचा १ जून. सासऱ्यांचा १ जून. गुरुजींनी शाळेत नाव घालताना ठोकून दिलेली तारीख, आणि वर्षही साधारण ‘हात कानाला पुरतो का’ यावरून. व्हिसाच्या मुलाखतीला तिघांचे अर्ज एकदम गेले तेव्हा खिडकीतला माणूस तीनदा वर बघत होता.

गंमत म्हणजे खरी तिथी आजीला पाठ होती, पण वडील मरेपर्यंत १ जूनलाच पेढे वाटत राहिले. आता आम्हीही त्याच दिवशी फोटोला हार घालतो. कागदावरचं असं अंगाला चिकटतं.

---

खारीबिस्किट

१ जून +१ 😄 आमच्याकडे चार.

---

डॉकयार्डरोड

मी माझगावचा. आमच्याकडे नवाब टँक रोडवर एक चिनी देऊळ आहे, सी यूप कून. बाहेरून जुनं घर वाटतं. आत लाल-सोनेरी, उदबत्त्यांचा धूर, डब्यात भविष्य सांगणाऱ्या काड्या. डबा हलवायचा, एक काडी बाहेर पडते, तिच्या नंबरावरून तुमचं भाकीत. १९१९ चं आहे असं सांगतात. गोदीत आणि जहाजांवर कामाला आलेल्या चिनी लोकांचं. लहानपणी त्यांच्या नव्या वर्षाला जायचो, प्रसादासाठी.

बऱ्याच वर्षांनी कळलं की ‘सी यूप’ म्हणजे ‘चार तालुके’. दक्षिण चीनमधल्या कँटनच्या खालचे चार: तायशान, काइपिंग, एनपिंग, शिन्हुई. आणि सॅन फ्रान्सिस्कोत सुरुवातीला गेलेले बहुसंख्य लोक याच चार तालुक्यांतले! देव कोणता? क्वान कुंग. लाल चेहरा, लांब दाढी, शब्दाला जागणारा योद्धा. आता रेघोट्याताईंनी सांगावं, तुमच्याकडे स्टॉक्टन स्ट्रीटवर पोस्ट ऑफिसच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर कॉंग चाऊ देऊळ आहे ना? तिथेही तोच बसलाय. कॉंग चाऊ हे शिन्हुईचंच जुनं नाव.

म्हणजे एकाच घरातला एक भाऊ माझगावला आणि एक सॅन फ्रान्सिस्कोला, असं सहज झालं असेल. आमच्याकडच्यांचं पुढे काय झालं ते सांगायला नको. १९६२ नंतर कितीतरी चिनी कुटुंबं राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवली, देशभरातून तीन हजारांच्या आसपास. आमच्या गल्लीतली चपलांची दुकानं आणि दाताचे डॉक्टर हळूहळू दिसेनासे झाले. त्यावर भिंत रंगवलेली मला तरी मुंबईत दिसली नाही.

---

रेघोट्या

@डॉकयार्डरोड, अंगावर काटा आला! कॉंग चाऊत मी जाऊन आलेय, लिफ्टने. हे देऊळ, ते देऊळ मी कधी जोडलंच नव्हतं. पुढच्या शनिवारी आजोबांना विचारते कुठल्या तालुक्याचे.

---

कोळसा_आणि_खडू

डॉकयार्डरोड यांनी धागा माझगावला आणलाच आहे तर थोडं पुढे, क्रॉफर्ड मार्केटच्या समोर नेतो. मी जेजे स्कूल ऑफ आर्टचा. ते कॉलेज १८५७ मध्ये सुरू झालं, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून. शेटजींचा पैसा कशातून? कापूस होता, पण मोठा भाग माळव्याची अफू, मुंबई बंदरातून कँटनला. १८३९ ला पहिलं अफूचं युद्ध झालं ते याच मालावरून. युद्धं, मग बंडं, मग त्या चार तालुक्यांत यादवी, दुष्काळ. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची बातमी पोचली. तरुण पोरं ‘सोन्याच्या डोंगराकडे’ निघाली. पुढे १८६५ पासून अमेरिका आरपार जोडणाऱ्या रेल्वेचा पश्चिमेकडचा भाग, सिएरा नेवाडाचे बोगदे, हजारो चिनी हातांनीच फोडले.

एकट्या अफूमुळे सगळं झालं असं म्हणत नाही. पण मी स्टिल लाइफ शिकलो त्या खोलीच्या विटा आणि त्या आजोबांच्या सात पायऱ्या एकाच हिशोबाच्या वहीत आहेत, एवढं मात्र खरं. कॉलेजात पाच वर्षांत हे कोणी सांगितलं नाही.

मूळ प्रश्नावर, चित्रकार म्हणून: विषय बदला, टाइल बदलू नका. ‘घरच्यांचं गाव’ हे शीर्षकच शाळेच्या निबंधासारखं आहे. आणि लोकांना ब्रश हातात दिलात तर त्यांनी काय काढायचं हे तुम्ही ठरवायचं नाही. नाहीतर सरळ पेंटर लावा, स्वस्त पडेल.

---

अनुस्वार

@कोळसा_आणि_खडू, शेवटच्या वाक्यावर टाळ्या. हाच घोळ नव्या सबवेतही झालाय असं मला वाटतं. २०२२ च्या नोव्हेंबरात उघडलेल्या चायनाटाउन–रोझ पाक स्टेशनात युमेई हौ यांच्या कातरनक्षीवरून केलेली लेझरने कापलेल्या धातूची प्रचंड कामं आहेत, विषय ‘यांग्गे’ नाच. काम देखणं आहे, वाद नाही. पण यांग्गे उत्तर चीनचा. वस्ती कँटनकडची, तायशानची. म्हणजे लालबागच्या स्टेशनात भांगडा रंगवल्यासारखं.

---

गुलबकावली

असहमत. युमेई हौ स्वतः स्थलांतरित, कातरकाम स्वतःचं स्वतः शिकलेल्या. वस्ती काय १८८२ लाच थांबलीय? लालबागमध्येही आता भांगडा होतोच की, वरातीत.

---

अनुस्वार

ते आहे. वरातीतला मुद्दा मागे घेतो 🙂 पण सरकारी पैशाचं काम आणि कियर्नी स्ट्रीटवरचं काम यात फरक करायला हवा. १९७२ मध्ये तिथल्या इंटरनॅशनल हॉटेलच्या तळमजल्यावर पोरांनी कार्यशाळा काढली, कियर्नी स्ट्रीट वर्कशॉप. स्क्रीनप्रिंटिंगची पोस्टरं, भित्तिचित्रं. वर खोल्यांत म्हातारे फिलिपिनो आणि चिनी, आयुष्यभर एकटे राहिलेले, कारण त्यांच्या तरुणपणी चिनी बायकांना जवळजवळ येऊच देत नव्हते, आणि फिलिपिनोंना गोऱ्या बाईशी लग्न करायला कायद्याने बंदी होती. ४ ऑगस्ट १९७७ ला मध्यरात्रीनंतर पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. बाहेर हजारो लोक हात धरून उभे होते. पोस्टर लावून हॉटेल वाचलं नाही. पण आज त्या जागी पुन्हा वृद्धांसाठी घरं आहेत, २००५ पासून. मधली पंचवीस-सव्वीस वर्षं तो खड्डा नुसता पडून होता.

---

वाकडंबोट

रेघोट्याताई, पुढे काय झालं शेवटी? महिना होऊन गेला.

---

रेघोट्या

उशीर झाला, क्षमस्व. सांगते.

आधी तालुका: तायशान. माझगावच्या देवळाचा फोटो दाखवला (डॉकयार्डरोड, जालावरून उचलला, तुम्ही स्वतः काढून पाठवा की). त्यांनी फोन नाकाजवळ धरून पाटीवरची अक्षरं वाचली आणि म्हणाले, “हे तिथेही पोचले?” मग बराच वेळ काही बोललेच नाहीत.

मुलीशी मीच बोलले. तिची भीती खोटी नाही. सरकारने कबुलीची ती मोहीम १९५६ ते १९६५ चालवली, सुमारे चौदा हजार लोकांनी कबुली दिली, पण एकाने दिली की त्याच्या कागदावर आलेले सगळेच उघडे पडायचे. तिच्या आजोबांनी दिली नाही. शहराबाहेर कोल्माच्या दफनभूमीत त्यांच्या दगडावर इंग्रजीत कागदी आडनाव आहे आणि चिनी अक्षरांत खरं. “दोन्ही वाचता येणारा माणूस तिथे फिरकणार नाही, असं त्यांना वाटलं असेल,” ती म्हणाली. शेवटी ठरलं, टाइलवर नाव कोणाचंच नको. गावाच्या नावाची ओळ आजोबांनी कोरी ठेवली. केंद्रातल्या बाईंनी विषयाच्या पाटीवरून ‘गाव’ काढून नुसतं ‘घर’ केलं. ड्रॅगनवाले परत आले नाहीत, पैसे मात्र आले.

घर एकूण बारा टाइल्सचं झालं. रांजणाची टाइल भट्टीत तडकली, ती पुन्हा केली. परवा सगळ्या जमिनीवर जुळवून ठेवल्या आणि आजोबांना बोलावलं. त्यांनी बोटाने पायऱ्या मोजल्या, पुटपुटत, त्यांच्या भाषेत. सात. चूल. रांजण. मग थांबले.

“विहीर चुकली. डावीकडे हवी.”

मी त्यांचाच पेन्सिलचा कागद काढून दाखवला, त्यात उजवीकडे होती.

“मग मी चुकलो,” ते म्हणाले. “एवढ्यावरून त्यांना परत पाठवलं असतं.”

दोन टाइल्स पुन्हा रंगवल्या. पुढच्या शनिवारी भट्टीत जातील.

---

डॉकयार्डरोड

फोटो रविवारी काढून आणतो. पाटीचा आणि आतलाही, परवानगी मिळाली तर.

---

वाकडंबोट

विहीर डावीकडे आली की फोटो टाका. आणि मेमध्ये आईबाबांना घेऊन येतोय तिकडे, पोर्ट्समथ स्क्वेअरखाली पार्किंग मिळतं का?

---

रेघोट्या

गाडीच्या भानगडीत पडू नका, मारामारी असते. युनियन स्क्वेअरवरून टी लाइन घ्या, एकच स्टेशन. वर येताना अनुस्वारांचा भांगडा बघून घ्या.